तांड्याने मोडलेलं लग्न

माझ्या पहिल्या कादंबरीत एक लग्न ठरलं होतं. ते मी ठरवलं, छापलं, त्याच्या जाहिराती वाटल्या, आणि मग बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्याने ते मोडलं. सभासंमेलनांत लोक विचारतात, संपादकाचे कादंबरीकार कसे झालात? मी काहीतरी बरं बोलून वेळ मारून नेतो. खरं उत्तर त्या मोडलेल्या लग्नात आहे, पण ते उभ्याउभ्या सांगता येत नाही.

मी समुद्राकाठचा. वडील गेले आणि सहावीतच शाळा सुटली. आमच्या गावचा एक माणूस यवतमाळला कापसाच्या दलालाकडे कारकून होता. त्याने तिथल्या एका छापखान्यात शब्द टाकला आणि छप्पन सालच्या थंडीत मी धामणगावला गाडीतून उतरून, मोटारीने यवतमाळात आलो. नुकताच हा भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. छापखान्याचे मालक, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "तू आला अन् आमी मुंबई राज्यात गेलो. तूच घेऊन आलता काय बे?"

मी खरोखर घाबरलो. "नाही हो," म्हणालो.

ते इतके हसले की ट्रेडलवरच्या माणसाने मशीन थांबवून काय झालं ते विचारलं.

माझा स्वभावच तसा. घाबरट. मासळी नाही म्हणून जेवण जाईना, पण सांगायची भीती. भाऊसाहेबांच्या घरून ज्वारीची भाकर आणि बेसन यायचं, ते मी मान खाली घालून खायचो. एक दिवस त्यांच्या बायकोनेच विचारलं, "तुमच्याकडं बेसनाले डोळे असतात काय? पाहून काहून राह्यले इतकं?" त्या घराने मला जे खाऊ घातलं ते मी आयुष्यभर फेडू शकलो नाही, आणि त्यांनी ते कधी फेडायचं आहे असं वाटूही दिलं नाही.

छापखान्यात लग्नपत्रिका, जिनिंगच्या पावत्या, नाटकांची हँडबिलं असं काम चाले. पण भाऊसाहेबांचा जीव त्यांच्या मासिकात. गावातले एक वकील त्याचे संपादक होते. मी मुद्रितं तपासायचो. साठ साली वकीलसाहेब नागपूरला निघून गेले आणि भाऊसाहेब म्हणाले, "आता तूच कर."

"मी सहावी नापास आहे, भाऊसाहेब."

"मंग? छापताना कोणी मार्कलिस्ट मांगते काय?"

वकीलसाहेबांच्या नावापुढे बी.ए., एलएल.बी. असायचं. माझ्या नावापुढे काहीच नव्हतं आणि पहिल्या अंकाच्या मुद्रितात ती कोरी जागा मला तोंडावर थप्पड मारल्यासारखी दिसली. भाऊसाहेबांना मी तसं बोललो. ते म्हणाले, "मोकळ्या जागेले भेतं कायले? दंतमंजनाची जाहिरात टाकू तिथं."

पण मासिक तोट्यात होतं. एकसष्टच्या गुढीपाडव्याला त्यांनी मला समोर बसवून स्पष्ट सांगितलं: दिवाळी अंक चांगला खपला तर मासिक चालू, नाही तर बंद. मी हो म्हणालो आणि माडीवरच्या माझ्या खोलीत जाऊन बसलो. मासिक बंद म्हणजे माझं यवतमाळ बंद, असंच मी धरून चाललो. गावी परत जाऊन काय करणार होतो? तिथे ना होडी होती, ना वाडी, आणि आईने साऱ्या आळीत सांगून ठेवलेलं, माझा मुलगा संपादक झाला म्हणून.

त्याच महिन्यात अमरावतीच्या एका प्राध्यापकांची क्रमशः कादंबरी अर्धवट राहिली. ते आजारी पडले. चार पानं रिकामी, आणि आमचा खिळा, म्हणजे शिशाची अक्षरं, इतका कमी की आठ पानं जुळवायची, छापायची, जुळणी मोडून खिळे परत आपापल्या खणांत टाकायचे आणि मगच पुढची आठ घ्यायची. थांबायला वेळच नव्हता. मी बसलो आणि त्या चार पानांत एक मुलगी लिहिली.

ती मुलगी मी तांड्यावर पाहिली होती, म्हणजे एकच अशी नाही. पाणी आणणाऱ्या, कापूस वेचणाऱ्या, आरशांच्या कांचळ्या घातलेल्या पाच-सहा मुलींची मिळून ती एक झाली. बोरी अरबच्या बाजाराला मी अंकांचा गठ्ठा घेऊन मोटारीने जायचो. तिथून भाड्याच्या सायकलीवर तांड्यापर्यंत, कारण तिथले गुरुजी वर्गणीदार होते. गुरुजी माझ्याच वयाचे, आर्णीकडचे. त्यांच्या घरच्यांनी छप्पन साली धम्म घेतला होता आणि घरात पहिला मॅट्रिक झालेला माणूस हेच. एका खोलीच्या शाळेत ते दिवसा पोरं शिकवायचे आणि संध्याकाळी नायकांच्या, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांच्या, अंगणातल्या निंबाखाली आमचं मासिक मोठ्याने वाचायचे.

ते वाचन बघण्यासारखं असे. गुरुजी एक वाक्य वाचणार. नायक ते आपल्या बोलीत सगळ्यांना सांगणार, सांगताना थोडं स्वतःचंही घालणार. मग त्याच्यावर चर्चा. चार पानांना अख्खी संध्याकाळ पुरत नसे. नायक म्हातारे, पांढऱ्या मिशांचे, तांड्यात त्यांचा शब्द शेवटचा. मी समुद्राकाठचा म्हटल्यावर पहिल्याच भेटीत ते म्हणाले होते, "तुमच्याकडचं मीठ आमच्या आज्यानं बैलाच्या पाठीवर आणलं. तू लय उशिरा आला." मग त्यांनी त्या आज्याचं, पणज्याचं, कोणत्या घाटात कोणता बैल बसला आणि कोणी त्याच्याजवळ रात्र काढली, ते सगळं सांगितलं. त्यांच्या बायकोला सगळा तांडा याडी म्हणे, म्हणजे आई. मीही म्हणू लागलो. याडी बोलायच्या कमी, पण ताक दिल्याशिवाय सायकलीवर बसू द्यायच्या नाहीत.

तर ती गोष्ट लोकांना आवडली. पुढच्या अंकात पुढे काय, म्हणून पत्रं आली. मी मुलीला एक नायक दिला. इथे नायक म्हणजे गोष्टीतला तरणा. तो शेजारच्या तांड्यावरून येतो, तिला भरल्या ओढ्यातून पलीकडे नेतो, आर्णीच्या बाजारातून बांगड्या आणतो. त्याचं घराणं मोठं दाखवायचं म्हणून तो पहिल्यांदा येतो त्याच प्रकरणात मी ढाडी बसवला. ढाडी म्हणजे त्यांच्यातला वंशावळ गाणारा. आणि ढाडीच्या तोंडी मी म्हाताऱ्या नायकांनी सांगितलेले आजे-पणजे घातले, घाटातल्या बैलासकट. इतके सुंदर होते की सोडवेनात. श्रावणाच्या अंकात दोघांचं ठरलं, गूळ वाटला गेला. लग्न दिवाळी अंकात.

भाऊसाहेब खूश. त्यांनी हँडबिलं छापली: दिवाळी अंकात लग्न! आर्णीच्या एका कापडवाल्याने मागचं पान घेतलं, शालूच्या चित्रासह. मी पहिल्यांदा रात्रभर नीट झोपलो.

त्यानंतरच्या आठवड्यात म्हातारे नायक, याडी आणि गुरुजी असे तिघं मोटारीने यवतमाळला आले आणि थेट छापखान्यात शिरले. गुरुजी माझ्याकडे बघेनात.

"राम राम, नायक," भाऊसाहेब म्हणाले. "पत्रिका छापाची हाय काय?"

"पत्रिका मोडाची हाय," नायक म्हणाले. "हे लगन होत नाही."

"कोणाचं?"

"या लेखकानं लावलं ते."

भाऊसाहेबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग हसायचं की नाही ते ठरवत खुर्ची पुढे केली. नायक बसले नाहीत. त्यांनी मला विचारलं, "ढाडीनं त्या पोराचे आजे कोण सांगतले?"

"तुम्ही सांगितले ते," मी म्हणालो.

"म्हणजे माझे. अन् पोरगी कोणत्या तांड्याची?"

"तुमच्या."

"मंग? सारा तांडा माझ्याच कुळाचा. दोघंबी माझ्याच घरचे ना? एका कुळात आमच्याकडं लगन होत नाही. ते भाऊ-बहीण हायेत."

गुरुजींनी हळूच बाकीचं सांगितलं. तांड्याने पहिल्यापासून ती गोष्ट भाऊ-बहिणीची म्हणूनच ऐकली होती. तो तिला ओढ्यातून नेतो तेव्हा बायका म्हणाल्या, असा भाऊ पाहिजे. बांगड्या आणल्या तेव्हा तर दोघी-तिघींनी आपापल्या भावांना टोमणे मारले. सगळ्यांना वाटत होतं, पोरगा दुसऱ्या तांड्यावरून आपल्या बहिणीची विचारपूस करायला येतो. आणि श्रावणाच्या अंकात एकदम गूळ! गुरुजी म्हणाले, "वाचता वाचता माझीच जीभ अडकली. चार जण तर जेवले नाहीत त्या दिवशी."

"अरे पण कहानी हाय ना नायक," भाऊसाहेब म्हणाले. "खरी पोरगी थोडीच हाय?"

"कहानी हाय म्हणूनच आलो. खरी असती तं पंचायत बसवली असती. हिची पंचायत कुठं बसवू?"

भाऊसाहेबांनी तोडगा काढला. पुढच्या अंकात दोन ओळी टाकू: चुकून पोराचे पूर्वज दुसऱ्याचे छापले गेले, त्याचं घराणं वेगळं आहे. मला तर ते देवाने सुचवल्यासारखं वाटलं. पण नायकांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझा आजा चुकून छापला म्हणता?" ते इतकंच बोलले. तांड्यात त्यांच्या आज्याचं नाव पहिल्यांदाच कागदावर आलं होतं. गुरुजींनी ते पान कापून त्यांच्या घरात लावलंही होतं.

तेवढ्यात याडींनी मला विचारलं, "अन् छोरीले कोण सांगतलं?"

"काय सांगितलं?"

"का तो तिचा भाऊ हाय म्हणून. तिले तं ठाऊक नाही. तू बी नाही सांगतलं."

तोवर ही मुलगी म्हणजे चार पानं होती, अंक भरायचं साधन. याडी मात्र तिच्याबद्दल असं विचारत होत्या जसं ती बाहेर मोटार स्टँडवर बसली आहे आणि आत काय चाललंय ते तिला अजून कळलेलं नाही.

"बसवा पंचायत," मी म्हणालो. कुठून बोललो कोण जाणे. "मी येतो. जे ठरेल ते लिहीन."

भाऊसाहेब कपाळावर हात मारून म्हणाले, "मीबी येतो. हा एकटा आला तं पोरीले अविवाहितच ठेवून येईन."

पंचायतीला त्यांच्या बोलीत नसाब म्हणतात. निंबाखाली म्हातारी माणसं गोल बसली, बायका कुडाच्या आडोशाला. पोराच्या बाजूने बोलायला भाऊसाहेब आपणहून उभे राहिले. त्यांना काही करून लग्न हवं होतं. आणि पोरीच्या बाजूने मी, कारण पंच म्हणाले, तिचा बाप तूच.

भाऊसाहेब वकिलासारखे भांडले. दोन तांडे वेगळे, पोरगा चांगला, गूळ वाटून झाला, आता शब्द मोडायचा काय? एक पंच म्हणाला, "मालक, तुमाले इतकाच आवडला पोरगा तं तुमच्या घरी जावई करून घ्या." सगळे हसले. भाऊसाहेबही हसले, पण पुन्हा सुरू. दुसरा एक म्हातारा म्हणाला की नवरा आपण दुसरा बघू, उमरखेडकडे माझ्या साडूचा पोरगा आहे, कूळ वेगळं, दोन एकर आहे. तिथे मग खरोखरच सोयरिकीची चर्चा सुरू झाली. पोरगा दारू पितो का, सासू कशी. मी ऐकत होतो आणि मनात दिवाळी अंकाची पानं मोजत होतो.

शेवटी पंचांनी मला विचारलं, "पोरगी काय म्हणते?"

मी उभा राहिलो. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. पोरगी काय म्हणते ते मला खरंच माहीत नव्हतं. बोललो, "ती म्हणते... तुम्ही म्हणाल तसं."

"झूट," आडोशातून याडींचा आवाज आला.

नायकांनी मान वळवून पाहिलं. बायका पंचायतीत बोलत नसत. याडी पुढे आल्या नाहीत, तिथूनच बोलल्या. "पोरगी म्हणते, तुमी सांगेपर्यंत तो मले भाऊ नव्हता. आता तुमी सांगतलं. मी त्याले भाऊ म्हणीन. पण त्याच्याकडं पाहून मले रोज भाऊ म्हणा लागन, ते या तांड्यात राहून होत नाही. अन् तुमच्या दुसऱ्या नवऱ्याले बी मी आत्ता हो म्हणत नाही. मले जाऊ द्या."

लग्न मोडायला नायकच आले होते, आणि ते मोडलं होतं. तरी त्यांना त्याचं सुख झालेलं दिसलं नाही. मग ते म्हणाले, "जाऊ द्या तिले." तो पंचांचा निवाडा.

परतीच्या मोटारीत भाऊसाहेब खिडकीशी बसले होते. मी भीतभीत विचारलं, "आता अंकाचं काय करायचं?" दारव्हा रोडचं ते कपाशीचं रान ते बघत होते. तसेच म्हणाले, "झालं ते छाप. आता दुसरं काय छापशीन?"

मी छापलं. नसाब, भाऊसाहेबांची वकिली, याडींचं बोलणं, सगळं. त्या महिन्यात लिहिताना मी पहिल्यांदाच पानं मोजली नाहीत. सोळा पानं झाली. कविता काढून जागा करावी लागली आणि एका कवीने माझ्याशी वर्षभर बोलणं टाकलं.

दिवाळी अंक आपटला. हँडबिलात लग्न आणि आत मोडलेली सोयरीक. लोकांना फसवल्यासारखं वाटलं. उमरखेडहून गठ्ठे तसेच परत आले. आर्णीच्या कापडवाल्याने निरोप धाडला, "माझ्या शालूसमोर पोरीले बिना लग्नाची उभी केली, पैसे कायचे?" काही थोड्या लोकांनी चांगलं लिहिलं, पण थोड्या लोकांवर मासिक चालत नाही. पौषात भाऊसाहेबांनी ते बंद केलं. मी खोली आवरायला घेतली तेव्हा ते जिना चढून आले. "हे काय करून राह्यला?"

"मासिक बंद झालं ना."

"मासिक बंद झालं, छापखाना हाय ना. मुद्रितं कोण पाहीन, माझा बाप? ठेव ते कपडे." खाली जाता जाता परत वळले. "अन् ते पोरीचं पुढं काय झालं ते लिहून ठेव. मले वाचाचं हाय."

त्यांनी म्हटलं एवढ्यावरही मी लिहिलं असतं. पण लिहून ठेवायची वेळच आली नाही, कारण तांड्याने मासिक बंद झाल्याचं मनावर घेतलंच नाही. बोरी अरबच्या बाजाराला गेलो की गुरुजी विचारायचे, आणलं का पुढचं? मग मी हाताने लिहिलेले कागद घेऊन जाऊ लागलो. आता मी वाचायचो, नायक सांगायचे, आणि त्यांनी सांगताना जे स्वतःचं घातलं त्यातलं बरंचसं मी परत येऊन कागदावर घेत असे. उरलेला हिवाळाभर ती गोष्ट अशी चालली. मासिकाच्या चार पानांत ती कधीच मावली नसती. तिथे, त्या निंबाखाली, ती कादंबरी झाली. मी तिला तेव्हा कादंबरी म्हणत नव्हतो.

शेवटच्या प्रकरणाला भाऊसाहेब हट्टाने आले. मुलगी कापूस वेचणाऱ्या टोळीबरोबर तांडा सोडून जाते, असा शेवट मी केला होता. पहाटे उठते, गाठोडं घेते, निघते. तीन ओळी. मी वाचून कागद खाली ठेवला.

"अशी नाही जात," याडी म्हणाल्या. "ढावलो म्हटल्याशिवाय कशी जाईन?"

ढावलो म्हणजे नवरी सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून जे रडगाणं म्हणते ते. नायक समजावणीच्या सुरात म्हणाले, "ढावलो नवरीचा असते."

"घर सोडणारीचा असते," याडी म्हणाल्या.

आणि त्या उठल्या, गुरुजींच्या शेजारी बसलेल्या एका म्हातारीच्या गळ्यात हात टाकून त्यांनी सुरुवात केली. बापाला काय म्हणायचं, ज्या आईने दूध पाजून वाढवलं तिला काय, दाराला, गाईला, आणि एक कडवं त्या भावाला. मला बोली पुरती कळत नव्हती. गुरुजी कानात मराठी सांगत होते आणि मधेच थांबत होते. बायकांनी सूर धरला. भाऊसाहेबांनी रुमाल काढला आणि नाक शिंकरून उगाच इकडेतिकडे पाहिलं. मी लिहीत होतो. जितकं लिहिता आलं तितकं.

दोन वर्षांनी कादंबरी पुण्याच्या एका प्रकाशकाकडून निघाली. त्यांनी कौतुक केलं, पण शेवटचं ते रडगाण्याचं पान गाळावं असं सुचवलं. त्याने शेवट लांबतो, म्हणाले, आणि मुलीचं तर लग्नही झालेलं नाही. मी आयुष्यात कोणाला सहसा नाही म्हटलेलं नाही. त्या पानासाठी म्हटलं. त्यानंतरही प्रत्येक आवृत्तीला कोणी ना कोणी सुचवतं, आणि ते पान आजही तिथेच आहे.